आमची वाटचाल: पॅनल बॉक्सपासून पाळीव कोळ्यांच्या कपाटापर्यंत

२०१२ ला नाशिकच्या अंबडला भाड्याचा गाळा घेतला तेव्हा एक सेकंडहँड बेंडिंग मशीन, एक वेल्डिंग सेट, मी आणि हाताखाली एक पोरगा, एवढाच पसारा होता. इलेक्ट्रिकल पॅनलचे पत्र्याचे डबे करायचो. नाशकात स्विचगियरवाले भरपूर त्यामुळे जॉबवर्कला तोटा नव्हता, पैसे मात्र ९० दिवसांनी आणि तेही चार फोन केल्यावर. त्यात चार वर्षं गेली. मग एका पोल्ट्रीवाल्या काकांनी अंडी उबवायचं मशीन रिपेअरला आणलं, ते खोलून बघितलं आणि वाटलं अरे हे तर आपण पण करू शकतो. अंड्याला साडेसदतीस डिग्री लागतं, अर्धा डिग्री इकडे तिकडे झालं की पिल्लं कमी निघतात. तिथून थर्मोस्टॅट, सेन्सर, हवेचा पंखा या गोष्टींशी आमची ओळख झाली.

कोळ्यांचं प्रकरण सुरू झालं ते एका जानेवारीत. कॉलेज रोडला राहणारा एक आयटीतला मुलगा गाळ्यावर आला, हातात पारदर्शक डबा, डब्यात तळहाताएवढा केसाळ कोळी. आमचा वेल्डर दोन पावलं मागे सरकला तो डबा पिशवीत जाईपर्यंत पुढे आलाच नाही. मुलगा म्हणाला, दादा, असे ४० डबे आहेत घरी, एक कपाट पाहिजे, थंडीत गरम आणि मे महिन्यात गार राहणारं. नाशिकची थंडी इथल्या माणसाला सांगायला नको, निफाडला पारा पाचच्या खाली गेला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. हा पठ्ठ्या ४० कोळ्यांसाठी रात्रभर रूम हीटर लावून झोपायचा, आईनं लाइटबिल दाखवलं म्हणून आमच्याकडे आला.

मी म्हटलं सोपंय, मोठं इनक्यूबेटरच की. खाली हीटर प्लेट, वर डबे. तो हसला. म्हणाला, जंगलात ऊन वाढलं की टॅरंटुला, म्हणजे हा केसाळ कोळी, मातीत खाली खाली जातो, खाली गार असतं म्हणून. तुम्ही खालून तापवलं तर तो गारवा शोधत आणखी खाली जाणार आणि तिथंच भाजणार. मी गप्पच झालो. दहा वर्षं पत्रा वाकवतोय पण हे डोक्यात आलं नसतं. मग हीटर मागच्या भिंतीला, डब्यांपासून लांब, मध्ये पत्र्याचा पडदा आणि वरून खाली हवा फिरवायला पंखे.

पहिल्या कपाटात मी आणखी एक शहाणपणा केला, मिस्ट मेकर म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र बसवलं. वाटलं परदेशी पाऊसवाल्या जंगलातले प्राणी आहेत, दमट ठेवू. पंधरा दिवसांत काचेवर धुकं, दोन डब्यांत मातीवर पांढरी बुरशी. तेव्हा कळलं की सगळे एका हवामानातले नसतात. थेराफोसा ब्लॉण्डी दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलातला, त्याला ओल लागते, आणि मेक्सिकोच्या ब्रॅकिपेल्मा हमोरीला किंवा चिलीच्या ग्रॅमोस्टोला रोझाला कोरडं चालतं. सगळ्यांना एकच दमट हवा दिली की कोणाचं ना कोणाचं बिघडणारच. मिस्ट मेकर काढून टाकला. तेव्हापासून आमचा नियम, कपाटानं फक्त तापमान सांभाळायचं, ओलावा ज्याचा त्याच्या डब्यात, पाण्याची वाटी आणि माती बघून. गिऱ्हाईक अजूनही विचारतं ह्युमिडिटी कंट्रोल का नाही, ब्रोशरला बरं दिसतं म्हणे. दिसू दे. आम्ही नाही देत.

खरा त्रास पंख्यांनी दिला. पंखा नसला तर वरच्या आणि खालच्या कप्प्यात सहा डिग्रीचा फरक, आम्ही प्रत्येक कप्प्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर रीडिंग घेतली. पंखा लावला तर कपाट थरथरतं. माणसाला जाणवतही नाही पण कोळ्याचं सगळं जगच थरथरीवर चालतं, पायावरच्या केसांतून त्याला कळतं कोण आलं, भक्ष्य की शत्रू. मुलाचा फोन आला, दादा सगळे बिळात जाऊन बसलेत, खात नाहीत. मग पंख्यांचा स्पीड कमी केला, प्रत्येक पंखा रबरी वायसरवर, आणि पंख्याची फ्रेम कप्प्यांना कुठेच टेकत नाही अशी रचना केली. हे लिहायला दोन ओळी लागल्या, करायला दोन महिने.

गार करायला आधी पेल्टियर, म्हणजे वीज दिली की एका बाजूनं गार होणारी चकती, वापरून बघितलं, स्वस्त आणि बिनआवाजाचं म्हणून. चार मॉड्यूल मिळून २४० वॅट खायची आणि मेच्या दुपारी जेमतेम पाच डिग्री खाली आणायची, त्यापेक्षा माठाजवळ ठेवलेलं बरं. शेवटी छोटा कॉम्प्रेसर घेतला, पण तो वेगळ्या स्टँडवर, कपाटाशी फक्त लवचिक पाइपनं जोडलेला, परत थरथर नको म्हणून. आता २४ ते २७ मध्ये राहतं. गार कॉइल हवेतलं पाणी खेचते त्यामुळे उन्हाळ्यात अगदी छोट्या पिल्लांच्या डब्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, हे आम्ही डिलिव्हरीच्या वेळी तोंडीच सांगतो, कागद कोणी वाचत नाही.

आणि एक चूक सांगितलीच पाहिजे. तिसऱ्या कपाटात डिसेंबरच्या एका रात्री हीटर चालू-बंद करणारा रिले चिकटला, हीटर बंदच झाला नाही. सकाळी वरच्या कप्प्यात ४१ डिग्री, दोन कोळी पाय आत मुडपून गेलेले. त्यांचे पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबानं, दाब गेला की पाय मिटतात, हे मला त्या दिवशी समजलं. गिऱ्हाईक ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं, ते नुसतं म्हणालं, मादी होती एक, वीस वर्षं जगली असती. पैसे परत केले. त्यानंतर प्रत्येक कपाटात ३२ डिग्रीला हीटरची लाइनच तोडणारा वेगळा कटआउट असतो, मुख्य थर्मोस्टॅटशी त्याचा काही संबंध नाही. चारशे रुपयांची वस्तू, आधीच टाकायला हवी होती.

डब्यांचंही थोडं शिकलो. झाकणाला जाळी लावायची नाही, पायाची नखं अडकतात, त्यापेक्षा अ‍ॅक्रिलिकला बारीक भोकं, ती पण समोरासमोर म्हणजे हवा कोंडत नाही. जमिनीवरच्या जातींना उंच डबा नको, पडला तर पोट फुटतं. पावडर कोटिंग झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत आम्ही कपाट आठ दिवस उघडं ठेवतो. घरात डासांची फवारणी होणार असेल तर आधी फोन करा असंही सांगून ठेवलंय, कीटकनाशकानं कोळी पण मरतो.

नवीन गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न कागदपत्रांचा विचारतो. ब्रॅकिपेल्मासारख्या जाती सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि कोणी सह्याद्रीतून पकडून आणलेला कोळी ठेवायला कपाट मागितलं तर चहा पाजून परत पाठवतो.

आतापर्यंत अकरा कपाटं गेली. पोट अजूनही पॅनल बॉक्सवरच भरतं, खोटं कशाला बोलू. पण गाळ्यात डेमोच्या कपाटात आता एक आमचा स्वतःचा कोळी आहे, त्या पहिल्या मुलानंच दिला. मागच्या महिन्यात रविवारी वेल्डरचा फोन, शेठ लवकर या, मेला, उताणा पडलाय. मी जेवण टाकून आलो. उताणा होता खरा, पण पाय मिटलेले नव्हते. कात टाकत होता. दोघं दार न उघडता काचेबाहेर स्टूल टाकून बसलो, जुन्या कातडीतून एकेक पाय हातमोज्यातून बोटं निघावीत तसा बाहेर येत होता, सगळं व्हायला दोन-अडीच तास लागले. ती कात वेल्डरनं काडेपेटीत ठेवलीये, पोराला दाखवायला घरी घेऊन गेला होता आणि बायकोनं काडेपेटीसकट त्याला परत गाळ्यावर पाठवलं.