पाचशे लिटर

जानेवारीतला तो दिवस ‘टोटल फायर बॅन’चा होता. अशा दिवशी उघड्यावर आग पेटवायला बंदी असते. वायव्येकडून सकाळपासून भट्टीसारखा वारा सुटला होता आणि हवामान खात्याने आधीच सांगून ठेवलं होतं की चारच्या सुमारास नैर्ऋत्येचा गार वारा येणार. नवख्या माणसाला ही सुटकेची बातमी वाटते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या आगवाल्यांना मात्र सगळ्यात जास्त धास्ती त्या गार वाऱ्याचीच असते.

कारण सांगते. वायव्येच्या वाऱ्यावर गवताची आग आग्नेयेकडे लांब, निमुळती पळत जाते. तिचं तोंड अरुंद असतं आणि दोन्ही बगला किलोमीटर-किलोमीटर लांब पसरतात. मग वारा नैर्ऋत्येचा होतो आणि आगीची ईशान्येकडची अख्खी बगल एका क्षणात तिचं तोंड होऊन जाते. जिथे आतापर्यंत गुडघाभर ज्वाळा होत्या, तिथून मैलभर रुंदीची आग उठते.

मी बॅलरॅट शहराच्या पश्चिमेला एका लहान गावात फार्मासिस्ट आहे. मेंढ्या, गहू आणि कॅनोला यांचा हा मुलूख. इथे पगारी अग्निशमन दल नाही. पेजर वाजला की ज्याला जमेल तो हातातलं काम टाकून टँकरच्या शेडकडे पळतो. त्यात शेतकरी असतात, शाळेचे मुख्याध्यापक असतात, टपाल वाटणारी बाई असते, मीही असते. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. तिथे वणवा लागला की माणसं निर्गुडीच्या ओल्या फांद्या घेऊन डोंगर चढायची; बंब यायचा तो लांबून, आणि रस्ता असेल तिथपर्यंतच.

इथलीही सुरुवात तशीच आहे. ओल्या गोणपाटांनी आणि डहाळ्यांनी गवत झोडपणारे शेजारी, एवढंच त्या काळचं दल. १३ जानेवारी १९३९ च्या ‘काळ्या शुक्रवारा’ने ते पुरेसं नाही हे दाखवून दिलं. त्या आगींत व्हिक्टोरियात ७१ माणसं गेली आणि सुमारे २० लाख हेक्टर रान जळालं. चौकशी करणाऱ्या न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांनी अहवालात स्वच्छ लिहिलं की या आगी माणसाच्याच हातून लागल्या. तरीही विखुरलेल्या ग्रामीण तुकड्या एकत्र यायला १९४४ चा आणखी एक होरपळलेला उन्हाळा जावा लागला. १९४५ मध्ये कंट्री फायर ऑथॉरिटी, म्हणजे आमची सीएफए, उभी राहिली.

त्या दिवशी दुपारी पेजर वाजला तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही काही न बोलता दार धरलं.

आग रस्त्याच्या कडेच्या गवतात लागून कुंपण ओलांडून गेली होती. आमचा टँकर तीन हजार लिटरचा. आम्ही आगीच्या शेपटीकडून, जळलेल्या जमिनीवरून, ईशान्येकडची बगल विझवत पुढे निघालो. गवताच्या आगीची एक गोष्ट चांगली असते: ज्वाळा काही सेकंदांत पुढे सरकतात आणि मागे काळी जमीन उरते. त्या काळ्यात माणूस बराचसा सुरक्षित असतो. मी मागे नळीवर होते. शेतकऱ्यांच्या यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या छोट्या गाड्या, पाठीवर पाण्याच्या टाक्या घेऊन, आमच्या मागून धुमसणारे बुंधे भिजवत येत होत्या.

पावणेचारला पाणी पाचशे लिटरवर आलं. समोर, न जळलेल्या पिवळ्या गवतापलीकडे, गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेली एक शेड दिसत होती. बगलेवरची आग अजून तिच्यापासून लांब होती. मधलं गवत ओलांडून गेलो असतो तर शेडभोवती पाणी मारता आलं असतं. आणि ती शेड आमच्या ड्रायव्हरचीच होती.

तो स्वतःच रेडिओवर म्हणाला, “पाचशे. भरायला जातोय.” आणि गाडी मागे, काळ्यात वळवली.

पाचशे लिटर उरले की मागे फिरायचं; हा आकडा आमच्या भागात कुणी नुसता नियम म्हणून पाळत नाही. २ डिसेंबर १९९८ ला लिंटनच्या रानात जिलाँग वेस्ट तुकडीचा टँकर वारा फिरल्यावर आगीत सापडला. त्यावरचे पाचही स्वयंसेवक गेले. लिंटन आमच्यापासून लांब नाही. आमचे कॅप्टन त्या आगीवर होते. त्याआधी १६ फेब्रुवारी १९८३ ला, ‘अॅश वेन्सडे’च्या मोठ्या वणव्यांच्या दिवशी, अप्पर बिकन्सफील्डला नॅरे वॉरेन आणि पँटन हिल या दोन तुकड्यांचे १२ जण असेच वारा फिरल्यावर गेले होते. लिंटननंतर टँकरमध्ये स्वतःच्या बचावासाठी पाणी राखून ठेवणं आलं, गाडीभोवती फवारे आले, उष्णता अडवणारे पडदे आले. किमान प्रशिक्षणाशिवाय कुणाला आगीवर पाठवायचं नाही हेही तेव्हाच पक्कं झालं. ज्वाळा अंगाला भिडण्याआधी त्यांची धगच माणसाला मारते, आणि ते राखलेलं पाणी त्या काही मिनिटांसाठी असतं.

आम्ही पाणी भरायच्या तळ्यापर्यंत पोहोचलो नव्हतो तोच वारा पडला. मग मानेला गार झुळूक लागली. वळून पाहिलं तर सगळी बगल उभी राहून ईशान्येकडे धावत होती. मघाचं पिवळं गवत मी पाहता पाहता संपलं. शेड गेली. आम्ही तिच्याशी असतो तर आमच्या चारही बाजूंना तेच गवत असतं.

घर मात्र वाचलं. ड्रायव्हरच्या बायकोने घराभोवतीचं गवत वसंतातच कापून घेतलं होतं, आणि दोन शेजाऱ्यांच्या यूट तिथे आधीच उभ्या होत्या. टाकी भरून आम्ही आगीच्या नव्या तोंडामागे गेलो. पुढच्या रस्त्यावर शेजारच्या तुकड्यांनी ती अडवली. ड्रायव्हर अंधार पडेपर्यंत गाडीवरून उतरला नाही. मी त्याला काय बोलणार? डब्यातली पोळी-भाजी अर्धी दिली, त्याने खाल्ली.

पुढच्या शनिवारी चार शेतांवरून त्याच्या मेंढ्यांसाठी गवताचे गठ्ठे आले. ते उतरवायला आलेल्यांत दोन तरुण मुली होत्या. त्यांनी तिथेच कॅप्टनकडे सभासदत्वाचा अर्ज मागितला. कॅप्टनांनी त्यांना पहिल्या प्रशिक्षणाची तारीख दिली. त्या संध्याकाळी नळीला हात लावायचा नसतो. आधी लिंटनचा नकाशा पसरून, वारा कुठून कुठे फिरला ते शिकायचं असतं.