पाच नंबरचं इंजेक्शन

बुधवार, नाइट ऑफ.

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. खिडकीला जाड चादर लावली तरी पाथर्डी फाट्याचे हॉर्न कानात घुसतातच. दिवसा झोपायचं कसं, याचं प्रॅक्टिकल कधी झालं नाही.

पहाटे माझ्या वॉर्डातल्या चार नंबरच्या बेडवरचे बाबा गेले. निफाडकडचे, द्राक्षबागायतदार. रात्री हँडओव्हर घेतला तेव्हा जागेच होते. ऑक्टोबर छाटणी मुलाला एकट्याला उरकेल का, याची त्यांना काळजी. सीपीआर झाला, डॉक्टरांनी वेळ सांगितली, मी फाइलमध्ये लिहिली. मग वॉर्डच्या मदतनीस मावशींबरोबर बाकीचं केलं. नळ्या काढल्या, अंग पुसलं, डोळे मिटवले, नावाची पट्टी बांधली. याच्या पायऱ्या पाठ आहेत, परीक्षेत त्याला मार्क होते. पण त्यानंतर लगेच पाच नंबरच्या काकूंना सहाचं इंजेक्शन द्यायला कुठला चेहरा घेऊन जायचं, ते कुठल्या प्रोसिजर बुकात आहे? "सिस्टर, आज उशीर केलात," त्या म्हणाल्या. झालाच होता.

मेंटल हेल्थ नर्सिंग हा अख्खा विषय आम्ही शिकलो. त्यात मन फक्त पेशंटला होतं.

नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणही घोकलं होतं: शिकाऊ विद्यार्थी असलेल्या रुग्णालयात ३ पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात ५ मागे एक. काल पूर्ण वॉर्डला मी आणि एक सीनियर. पेशंट मोजले नाहीत, मोजून वाढत तर नाही स्टाफ. पगाराचंही तेच. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा महिना २०,००० च्या खाली देऊ नये असं सांगितलं. आमच्या बॅचच्या ग्रुपवर हा आकडा विनोद म्हणून फिरतो.

मध्यंतरी आमच्याकडे स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन झालं. नाइट करून निघालेल्यांनाही थांबवून घेतलं. प्राणायामात मागच्या रांगेतली एक जण बसल्या बसल्या झोपली. सगळ्यात जास्त फायदा तिलाच झाला असणार.

आज सकाळी मात्र सीनियर सिस्टरांनी मला घरी जाऊ दिलं नाही. "पहिलीच डेथ ना गं तुझी? बस." बाबांची फाइल उघडली आणि रात्रीच्या सगळ्या नोंदी माझ्याबरोबर ओळीने वाचल्या. बीपी, सॅच्युरेशन, डॉक्टरांना फोन कधी केला, औषध कधी गेलं. "आता सांग, तुझ्याकडून काय राहिलं?" काही राहिलं नव्हतं. 'मला आधी कळायला हवं होतं' हे डोक्यात घुमत होतं, ते त्या पंधरा मिनिटांत बरंच खाली बसलं. 'धीर धर' म्हणून गेल्या असत्या तर बसलं नसतं. मग खाली टपरीवर चहा पाजला आणि अर्धा वेळ स्वतःच्या सुनेबद्दलच बोलल्या.

माझ्या रूममेटला असं कुणी भेटलं नाही. ती दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. तिकडे तिला ऐकवलं, इतकं रडायचं होतं तर नर्सिंगला कशाला आलीस. एका रात्री तिने १४४१६ लावला. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. शिकताना वस्त्यांमध्ये कम्युनिटी पोस्टिंगला जायचो तेव्हा हा नंबर आम्हीच लोकांना लिहून द्यायचो. स्वतःसाठी लावायला तिला किती दिवस लागले ते तिलाच ठाऊक. बोलल्यावर बरं वाटलं म्हणाली. पण तिची फाइल तिच्याबरोबर उघडून बसणारं माणूस तिच्याच वॉर्डात हवं होतं, आणि ते मिळणं नशिबावर सोडलेलं आहे. मला मिळालं, तिला नाही. आमच्यात फरक तेवढाच.

पुढच्या महिन्याचं रोस्टर शनिवारी लागतं. त्याआधी इन्चार्ज मॅडमना गाठायचंय. नवीन जॉइन झालेल्या दोघींना एकत्र नाइट लावू नका, एकेकीला सीनियरबरोबर टाका, एवढंच सांगायचंय. "स्टाफ कुठून आणू?" असं म्हणतील. मी उत्तर तयार ठेवलंय: माझ्या दोन नाइट जास्त लावा, पण त्या सीनियर सिस्टरांना नव्या मुलींबरोबर द्या.

आईला हे आत्ताच सांगायचं नाही.