टेलचं पाणी

9 जून

आबांच्या खोलीतला दिवा पहाटे सव्वाचारलाच लागला. फलटणहून येऊन त्यांना बारा दिवस झाले. झोपेचं गणित आता बसलं आहे, पण उठण्याची वेळ त्यांनी गावाकडचीच ठेवली आहे आणि अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या या चँडलरच्या उन्हाळ्याला ती नेमकी जुळते. इथे घड्याळ उन्हाळ्यासाठी पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य वर असतो. फिरून सातच्या आत घरी यायचं. नंतरचं ऊन माणसाचं नव्हे.

पहिल्या आठवड्यात आबा रोज विचारायचे, "आगं, माणसं कुठायत?" रस्ते रुंद, घरं एका रंगाची, अंगणात गवताऐवजी बारीक खडी, मागे डोक्याएवढी भिंत. गाडी गॅरेजात शिरते, दार खाली येतं आणि शेजारी दिसेनासा होतो. नऊ वर्षांपूर्वी मी आले तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. नंतर कळलं की माणसं आहेत, फक्त त्यांच्या वेळा उन्हाने ठरवल्या आहेत. पहाटे पाचला कॅनॉलच्या काठाने कुत्री घेऊन चालणारे, सायकलवाले, रात्री नऊला बागेत झोके घेणारी पोरं. 2023 साली इथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला होता. त्या महिन्यात तर ही माणसंसुद्धा दिसेनाशी झाली होती, आणि डोंगरावर उभे सग्वारो, दीडदोनशे वर्षं ऊन सोसायला जन्मलेले ते निवडुंग, हात गळून पडत होते.

आज कन्सॉलिडेटेड कॅनॉलवर आबा थांबले. गवताची काडी पाण्यात टाकली, तिच्याबरोबर वीसेक पावलं चालले आणि म्हणाले, "वढ चांगली हाय. वर धरण किती लांब?" ज्या काठाने मी नऊ वर्षं चालते आहे, त्या पाण्याबद्दल मला सांगता आलं ते एवढंच : पूर्वेला डोंगरात सॉल्ट नदीवर रूझवेल्ट धरण आहे. घरी येऊन वाचत बसले.

16 जून

काल रात्री शेजारच्या मेसा शहराच्या जुन्या भागात मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो. तिचं घर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, मागे ग्रेपफ्रूटची आणि पेकनची झाडं. जेवण होता होता ती घड्याळ बघून म्हणाली, "थांबा हं, आज आमचं पाणी आहे. अकरा चाळीसला."

आबांचा घास हातात तसाच राहिला. "हितं पाळी असती व्हय?"

असते. कालव्यांचं पाणी वाटणाऱ्या सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या जुन्या हद्दीतल्या कितीतरी घरांना अजून कॅनॉलचं पाणी थेट अंगणात घेता येतं. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. वेळ ठरलेली, मग ती दुपारची असो वा रात्री दोनची. अंगणाला चारी बाजूंनी मातीचा वरंबा, कोपऱ्यात लोखंडी झडप. शेजाऱ्याची वेळ संपली की त्याने बंद करायची, आपण उघडायची. मुख्य चारीवरून पाणी सोडणाऱ्या माणसाला इथे 'सान्हेरो' म्हणतात, शब्द स्पॅनिश. मी आबांना सांगितलं, म्हणजे आपला पाटकरी.

आबा पँटचे पाय दुमडून उभे राहिले. मैत्रिणीच्या नवऱ्याने झडप फिरवली आणि काळोखात पाणी खळाळत आलं, गवतावर पसरलं, झाडांच्या बुंध्यांना टेकलं. एका कोपऱ्यात वरंबा पाझरत होता. आबांनी फावडं मागून घेतलं आणि दोन मिनिटांत तो बुजवला. आयुष्यभर रात्री पाण्याची दारं धरलेला माणूस आहे. पलीकडच्या अंगणात एक गोरे आजोबा टॉर्च घेऊन आपल्या वेळेची वाट बघत होते. त्यांनी हात वर केला, आबांनीही केला. इथे आल्यापासून मी आबांना इतकं आपल्या जागी कधी पाहिलं नव्हतं.

1903 मध्ये या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी धरणाच्या कर्जासाठी आपल्या जमिनी तारण ठेवल्या. धरण 1911 मध्ये पूर्ण झालं. पुढे शेतांवर घरं आली, पण ज्या जमिनीने तारण दिलं होतं तिचा पाण्यावरचा हक्क राहिला. आमच्यासारख्या नव्या घरांत पाणी शहराच्या शुद्धीकरण केंद्रातून नळाला येतं, त्यामुळे ते कुठून येतं असा प्रश्नच पडत नाही.

आणि शेतकऱ्यांच्याही आधी इथले प्राचीन रहिवासी, होहोकाम होते. यंत्र नाही, ओढायला जनावर नाही, नुसत्या हाती अवजारांनी त्यांनी इथे शेकडो मैलांचे पाट खोदले आणि साधारण 1450 पर्यंत शेती केली. मेसाच्या 'पार्क ऑफ द कॅनॉल्स'मध्ये त्यांतल्या काहींच्या खुणा अजून दिसतात. जेवायला जाताना आबांना तिथे नेलं होतं. त्यांनी बराच वेळ उतार निरखला. "लेव्हल बरोबर काढलीय," एवढंच म्हणाले.

20 जून

सन सिटीला गेलो. इथून तासाभराचा रस्ता. 1 जानेवारी 1960 ला सुरू झालेली ही निवृत्तांची वसाहत. घरात एक तरी माणूस पंचावन्नच्या पुढचा लागतो, लहान मुलांना कायमचं राहता येत नाही. रस्ते गोलाकार, लोक गोल्फच्या छोट्या गाड्यांतून बाजारहाट करतात. सगळं स्वच्छ आणि शांत. आबा गप्प होते. परत निघताना म्हणाले, "नातवंडं आली तर निजवायची कुठं?" पाहुणी म्हणून राहू शकतात, असं सांगितलं. पण त्यांना ते ठिकाण आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

23 जून

आज मॅरिकोपाच्या महागणपती मंदिरात. चँडलर संपलं की 347 नंबरचा रस्ता 'हिला' (Gila) नदीच्या आदिवासी समाजाच्या जमिनीतून जातो. घरं एकदम थांबतात. मोकळं रान, मेस्किटची झुडपं, काही ठिकाणी हिरवी शेतं, काही पट्टे पडीक.

"ही जमीन चांगली दिसती. पडीक का?"

गाडी चालवता चालवता जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. इथले लोक अकिमेल ओओदम, म्हणजे नदीचे लोक. 1850 च्या दशकात कॅलिफोर्नियाकडे जाणारे वाटसरू त्यांच्या गव्हावर जगले. मग वरच्या अंगाला नवे वसाहतवाले आले, त्यांनी हिलाचं पाणी आपल्या पाटांत वळवलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नदी कोरडी पडली आणि गहू पिकवणाऱ्या माणसांवर उपासमार आली. 1930 मध्ये हिलावरच्या धरणाचं उद्घाटन झालं, तरी पुरेसं पाणी मिळालं नाही. न्याय झाला तो 2004 च्या कायद्याने. कोलोरॅडो नदीचं पाणी साडेपाचशे किलोमीटरच्या कालव्याने वाळवंट ओलांडून आणतात. त्या कालव्यातला सर्वांत मोठा वाटा आता या समाजाचा आहे.

आबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

"म्हंजी ही टेलची माणसं," ते म्हणाले.

माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. आमचं शेत नीरेच्या उजव्या कालव्याच्या चारीवर, अगदी शेवटी, टेलला. लहानपणी मी आबांना रात्र रात्र बांधावर बसलेलं पाहिलं आहे. कागदावर पाळी आमची, आणि वरच्यांनी दारं मोडून घेतल्यामुळे चारी कोरडी. पहाटे घरी येऊन ते कुणावर ओरडायचे नाहीत. नुसते पाय धुवायचे. पायांना चिखल नसायचा.

आणि आज मी हेडला, पाण्याच्या तोंडाशी राहते. माझ्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे, दर ऑक्टोबरला वसाहतीच्या बागेत हिवाळी गवत पेरलं जातं. हे मी आबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तू कुणाचं दार मोडलं न्हाईस. पर म्हाईत असावं."

मंदिरात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले.

2 जुलै

राज्याचा 1980 चा एक कायदा आहे : फिनिक्सच्या परिसरात नवी वसाहत वसवायची तर शंभर वर्षांचं पाणी दाखवावं लागतं. 2023 च्या जूनमध्ये सरकारने सांगितलं की नुसत्या भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना आता मंजुरी नाही. बकायसारख्या पश्चिमेच्या उपनगरांना त्याचा फटका बसला. आबांना कायदा फार आवडला. "आमच्याकडं कॅनॉलच्या फुडच्या आवर्तनाचा पत्ता नसतो," म्हणाले, आणि पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं. गावी गेल्यावर पाणीवापर संस्थेच्या बैठकीत सांगणार आहेत.

11 जुलै

संध्याकाळी आधी धुळीची भिंत आली, मग पाऊस. दार उघडताच क्रिओसोटच्या झुडपांचा तो वास. ओल्या मातीचा नव्हे, जरा कडवट, औषधी. मला तो आता मृगाच्या वासाइतकाच प्रिय आहे. लेक अनवाणी बाहेर पळाली. आबा तिच्यामागून बागेच्या कडेला जाऊन उभे राहिले. आमची बाग रस्त्यापेक्षा खोलगट का, हे त्यांनी आल्यापासून हेरून ठेवलं होतं. आज चारी रस्त्यांचं पाणी धावत तिथे उतरलं आणि झोपाळ्याखाली तळं साचलं. "मुरंल," ते समाधानाने म्हणाले.

रात्री त्यांनी फलटणला काकांना फोन लावला. पाळीचं, खोलगट बागेचं, सगळं तपशीलवार सांगितलं. मग विचारलं, कॅनॉल सुटला का.

सुटलाय, काका म्हणाले. चार दिवस झाले. आपल्याकडं अजून आला नाही.