तावडे हॉटेलपासून चोर्ला घाटापर्यंत: पॉइंटांवर खोली घेताना

तावडे हॉटेलच्या चौकात महामार्गाला लागलं की डावीकडे पुणं, उजवीकडे बेळगाव. या वेळी उजवीकडे वळलो. कागल, निपाणी, संकेश्वर करत पहिला मुक्काम बेळगावच्या अलीकडे काकतीला, दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट उतरून गोव्यात दोन रात्री, आणि परतताना आंबोली-आजऱ्यावरून घरी. तीन रात्रींपैकी एक पैसे भरून, एक क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या मोफत रात्रीवर आणि एक पॉइंटांवर, म्हणजे कार्डाच्या खर्चावर आणि हॉटेलातल्या मुक्कामांवर जमणाऱ्या बक्षिसाच्या गुणांवर. रस्ता कोल्हापूरकरांच्या पायाखालचा आहे, त्याचं वर्णन काय करायचं. कोणती रात्र कशावर घ्यायची आणि का, ते मात्र सविस्तर लिहितो, कारण साठवलेले पॉइंट सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच.

कोल्हापुरातून प्रवास करणाऱ्याची एक खास अडचण आहे. पॉइंट जमतात गावात: किराणा, मुलांची फी, विम्याचा हप्ता, दिवाळीची खरेदी. आणि मॅरियट, अ‍ॅकॉर अशा साखळ्यांची हॉटेलं दाटीनं आहेत ती पुणे, मुंबई, गोव्यात. त्यामुळे इथल्या माणसानं उलटीकडून सुरुवात करावी. पुढच्या वर्षभरात कुठे राहायचं आहे, तिथे कोणत्या साखळीचं हॉटेल आहे, हे आधी. कार्ड कोणतं घ्यायचं, हा प्रश्न त्यानंतर.

काकतीला महामार्गालगत फेअरफिल्ड बाय मॅरियट आहे, कोल्हापूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर. गोव्यात मिरामारला गोवा मॅरियट, हणजुणे आणि बाणावलीला फेअरफिल्ड. म्हणजे या फेरीसाठी एकच साखळी पुरते आणि पॉइंट चार ठिकाणी विखुरत नाहीत.

आता हिशेबाची रीत. खोलीचे दर रोज हलतात, तेव्हा पुढचे खोल्यांचे आकडे उदाहरणादाखल घ्या. रीत अशी: खोलीचं करासकट भाडं भागिले लागणारे पॉइंट, म्हणजे एक पॉइंट किती पैशांना गेला ते कळतं. करासकट हा शब्द महत्त्वाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आणि त्यावर गेलं की १८ टक्के. ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात दोनशेचा फरक, बिलात ११९८ चा. पॉइंटांवर घेतलेल्या रात्रीच्या भाड्यावर सहसा हा कर भरावा लागत नाही (बुकिंगच्या शेवटच्या पानावर तपासून घ्या), त्यामुळे ७,५०० च्या वरच्या खोल्यांवर पॉइंटांना चांगली किंमत येते.

काकतीला समजा भाडं ४,५०० आहे. पाच टक्के कर धरून ४,७२५. तीच खोली ८,००० पॉइंटांना दिसते आहे. पॉइंट गेला ५९ पैशांना. गोव्यात भाडं ९,०००, अठरा टक्के धरून १०,६२०, आणि पॉइंट लागतात १५,०००. तिथे तोच पॉइंट जवळपास ७१ पैशांना जातो. नाताळच्या आठवड्यात भाडं १८,००० झालं तर करासकट २१,२४०. पॉइंटही वाढतात, पण ते २५,००० वर थांबले असतील तर पॉइंट ८५ पैशांना गेला. कोणत्या हॉटेलला किती पॉइंट, हा ठरावीक तक्ता मॅरियटनं २०२२ मध्ये काढून टाकला, त्यामुळे पॉइंटांचे दरही भाड्यामागे धावतात, मात्र नेहमी त्याच वेगानं नाही. हा फरक जिथे रुंद दिसेल तिथे पॉइंट वापरायचे. म्हणून काकतीला पैसे भरले आणि पॉइंट गोव्यासाठी ठेवले.

काकतीला पैसे भरले त्याचे पॉइंटही येतात. मॅरियटच्या बॉन्वॉय या सभासद योजनेत फेअरफिल्डवर खर्चाच्या दर डॉलरमागे १० पॉइंट मिळतात, म्हणजे साडेचार हजारांवर पाचशेच्या आसपास. कराच्या रकमेवर मिळत नाहीत. शिवाय ती रात्र सभासदत्वाच्या दर्ज्यात मोजली जाते: वर्षाला १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. अट एकच, बुकिंग साखळीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर झालेलं हवं. ट्रॅव्हल अ‍ॅपवर तीनशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून तिथून घेतलं, तर पॉइंट नाहीत आणि रात्रही मोजली जात नाही.

मोफत रात्र आली ती एचडीएफसीच्या मॅरियट बॉन्वॉय कार्डावर. हे कार्ड ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. तेव्हाच्या अटींनुसार वर्षाची फी ३,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. फीच्या बदल्यात दरवर्षी १५,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र, सिल्व्हर दर्जा आणि दर्ज्यात मोजल्या जाणाऱ्या १० रात्री. या मोफत रात्रीचं सर्टिफिकेट खात्यात येतं, ते कुठे लावायचं यावर सगळं अवलंबून आहे. ८,००० पॉइंटांच्या खोलीला लावलं तर उरलेले ७,००० परत मिळत नाहीत. उलट १९,००० ची खोली असेल तर सर्टिफिकेटचे १५,००० आणि खात्यातले ४,००० असे जोडता येतात, मात्र अशी भर किती घालता येते याला मर्यादा आहे. मुदत वर्षाची, आणि त्या तारखेच्या आत नुसतं बुकिंग होऊन चालत नाही, राहून झालेलं लागतं. फी मार्चमध्ये कापली जात असेल तर सर्टिफिकेट संपतं पुढच्या मार्चमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत. शाळकरी मुलं असलेल्या घरानं दिवाळीच्या सुट्टीतच ते वापरून मोकळं व्हावं.

या कार्डावर रोजचा खर्च करून रात्री जमवायच्या म्हटलं तर मात्र हिशेब बसत नाही. साध्या खर्चावर १५० रुपयांना २ पॉइंट. म्हणजे १५,००० पॉइंटांसाठी सव्वा अकरा लाख खर्च. म्हणून हे कार्ड हॉटेलच्या बिलापुरतं ठेवावं (तिथे १५० ला ८ पॉइंट आहेत) आणि बाकी खर्च दुसऱ्या कार्डावर करावा. दुसरं कार्ड जवळ हवंच, कारण हे व्हिसा किंवा रुपेचं नाही, डायनर्स क्लबचं आहे आणि गावातल्या काही मशीनवर डायनर्स चालत नाही.

दुसऱ्या कार्डावरच्या पॉइंटांचं मोल वापरावर ठरतं. एखादं कार्ड १५० रुपयांना ४ पॉइंट देतं असं धरा. एक लाखाच्या खर्चावर साधारण २,६६० पॉइंट. बँकेच्या प्रवासाच्या पोर्टलवर पॉइंटला ५० पैसे मिळत असतील तर १,३३० रुपये झाले. तेच पॉइंट बिलात वळते केले आणि तिथे २० पैसे असतील तर ५३२. शिवाय अनेक बँका वळतं करताना ९९ रुपये आणि त्यावर जीएसटी लावतात. दर व्यवहारात पूर्ण दीडशेचे तुकडेच मोजले जातात, हेही लक्षात असू द्या: १४० च्या बिलाला शून्य आणि २९० च्या बिलाला एकाच तुकड्याचे पॉइंट. पेट्रोल, घरभाडं आणि वॉलेट भरणं यांवर बहुतेक कार्डं काहीच देत नाहीत. शाळेची फी मधल्या अ‍ॅपवरून भरली तर काही बँका एक टक्का आकार लावतात, शाळेच्या स्वतःच्या मशीनवर किंवा साइटवर भरली तर नाही.

आणि आपल्या बाजारपेठेतला नेहमीचा प्रसंग. दुकानदार म्हणतो, "कार्डाला दोन टक्के जादा पडतील बघा." वरच्या पोर्टलच्या हिशेबानं कार्ड देतं १.३३ टक्के आणि दुकानदार घेतो दोन. सोनं घेताना लाखभराच्या बिलावर हा सरळ ६७० रुपयांचा तोटा आहे. तिथे यूपीआयनं थेट खात्यातून द्यावेत. छोट्या दुकानाच्या क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून देता येतं, पण ते व्यापाऱ्याच्या क्यूआरवरच चालतं, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे पाठवायला नाही. त्या खर्चावरचे पॉइंटही बहुधा कमीच असतात.

बँकेचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात हलवायचे असतील तर क्रम चुकवू नका. आधी तारखेला पॉइंटांवर खोली दिसते का ते बघा. दिसली की तिथेच, फुकट रद्द करता येणाऱ्या दरानं पैशांचं बुकिंग करून ठेवा, म्हणजे मुक्काम पक्का झाला. मग पॉइंट हलवा. ते पोचायला काही ठिकाणी काही मिनिटं, तर काही ठिकाणी चार-पाच दिवस लागतात. पोचले की पॉइंटांवर बुकिंग करा आणि पैशांचं रद्द करा. एकदा हलवलेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत, म्हणून "असू देत, कधीतरी लागतील" म्हणत आधीच हलवून ठेवणं धोक्याचं. बँका हलवण्याचा दर मधेच बदलतात. हलवण्याच्या दिवशीचा दर पानावर वाचून मगच पुढचं बटण दाबा.

हलवताना अडतं ते बहुतेक नावावर. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पॅनवर एक क्रम, कार्डावर मधल्या नावाचं एकच अक्षर, आणि हॉटेलच्या खात्यात घाईनं भरलेलं फक्त नाव-आडनाव. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत तर पॉइंट अडकतात किंवा विनंतीच नाकारली जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे फार होतं. हॉटेलचं खातं उघडतानाच बँकेच्या नोंदीत आहे तसंच नाव भरा, मधल्या नावासकट.

अ‍ॅकॉरचं गणित वेगळं आहे. तिथे २,००० पॉइंट म्हणजे ४० युरोची सूट, हंगाम कुठलाही असो. त्यामुळे गर्दीच्या दिवसांची वाट बघण्यात अर्थ नाही, पण जेवणाच्या बिलातही ते वळते करता येतात ही मोठी सोय. कामासाठी वरचेवर पुण्याला जाणाऱ्यांना नगर रोडच्या नोव्होटेलमध्ये हे उपयोगी पडेल. खात्यात ३६५ दिवस काही हालचाल नसेल तर हे पॉइंट जातात. मॅरियटचे २४ महिन्यांनी.

पाहुणे अंबाबाईच्या दर्शनाला येतात तेव्हा कोल्हापुरातली खोली बँकेच्या पोर्टलवरून पॉइंटांवर घेता येते. आधी हॉटेलला फोन करून थेट दर विचारा. पोर्टलवर ४,००० आणि काउंटरवर ३,५०० असेल तर रुपयाचा पॉइंट साडेसत्त्याऐंशी पैशांचा झाला. पूर्ण बिल पॉइंटांत भरता येईल असंही धरून चालू नका. एचडीएफसीच्या इन्फिनियासारख्या वरच्या कार्डावरही पोर्टलवर ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालतात, बाकी कार्डावर भरावे लागतात. मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसनं नेहमी जाणाऱ्यांना तर हॉटेलच्या पॉइंटांपेक्षा आयआरसीटीसीचं एसबीआय कार्ड जास्त देऊन जाईल: एसी तिकिटावर दहा टक्क्यांपर्यंत पॉइंट, एक पॉइंट एक रुपया, आणि तिकिटासाठीच वापरता येतो.

हे सगळं बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्यासाठी आहे. फक्त किमान रक्कम भरली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे व्याज लागतं, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. दोन टक्क्यांचे पॉइंट तिथे पंधरवड्यात व्याजातच जातात. वापरात नसलेलं कार्ड बंद करायचं असेल तर आधी पॉइंट वापरून टाका, मग अर्ज द्या. बाकी काही देणं नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेला रोज ५०० रुपये दंड द्यावा लागतो.

गोव्यातल्या दोन रात्री एकाच हॉटेलात होत्या, पण एक सर्टिफिकेटवर आणि एक पॉइंटांवर, म्हणजे बुकिंग दोन. अशा वेळी दोन दिवस आधी हॉटेलला फोन करून दोन्ही जोडायला सांगायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी सामान उचलून खोली बदलावी लागते. नाश्ता मोफत रात्रीत सहसा धरलेला नसतो. माणशी दर विचारून घ्यावा, चौघांचं कुटुंब असेल तर बाहेर पोळी-भाजी, पाव-भाजी खाल्लेली परवडते. चेक-इनच्या वेळी कार्डावर अनामत रक्कम अडकवतात, ती सुटायला काही दिवस जातात, तेवढी मर्यादा मोकळी असू द्या.

परतीच्या सकाळी काउंटरवर छापील बिल मागून घेतलं आणि सभासद क्रमांक त्यावर आहे का ते तिथेच पाहिलं. आंबोलीत चहाला थांबून बिलाचा फोटो काढून ठेवला. आठ-दहा दिवसांत रात्री खात्यात दिसल्या नाहीत, तर राहून गेलेल्या मुक्कामाचा अर्ज अ‍ॅपवरच करायचा असतो आणि त्यासाठी हेच बिल लागतं.