जाळी तुंबली म्हणून खड्डा वाचला

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. जांबोटी रस्त्यावरचं एक घर, पाहुण्यांसकट बावीस माणसं, आणि संडासातलं पाणी उलटं वर येतंय. टाकी उपसणारी गाडी सणात मिळेना. मी खानापुरातून निघालो.

आमच्या भागात पावसाळ्यात अशी तक्रार आली की सगळे शोषखड्ड्यालाच, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यालाच, दोष देतात. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, खड्डा मुरवत नाही, हे पुष्कळदा खरंही असतं. तरी मी आधी टाकी आणि खड्ड्याच्या मधलं चेंबर उघडतो. इथं ते जवळजवळ कोरडं होतं, आणि टाकीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या वीतभर वर चढलेलं. म्हणजे अडलंय ते पाईपच्या तोंडालाच.

"टाकीत जाळी बसवलीय काय ओ?" कुणालाच ठाऊक नाही. शेवटी आजी म्हणाल्या, "बांधताना थोरल्यानं पुण्यासनं काय तरी पांढरं नळकांडं आणलंतं बघ."

तीच ती. पाईपच्या इंग्रजी T आकाराच्या जोडात उभा बसणारा, बारीक फटींचा प्लास्टिकचा फिल्टर. टाकीत मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर निघालेले तुकडे ही जाळी अडवते. वर्षातून एकदा तरी ती धुवावी लागते. हिला पाच वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

जाळी उपसली की तुंबलेलं पाणी गाळासकट खड्ड्यात धावतं, म्हणून चेंबरच्या बाजूनं पाईपात चिंध्यांचा घट्ट बोळा मारला. मग जाळीची मूठ धरून ओढली, तर मूठच तुटून हातात आली. जाळी राहिली पाण्याखाली.

मी हत्यार आणायला गाडीकडे वळलो. मागं बघतो तर घरातला कॉलेजात जाणारा पोरगा टाकीच्या तोंडाशी पालथा झोपलेला, खांद्यापर्यंत हात आत, डोकंही आत चाललेलं. धावत जाऊन मी त्याला कॉलर धरून मागं खेचला. "अहो मामा, हाताला लागली होती की!" तो म्हणाला. माझे पाय लटपटत होते. टाकीतल्या विषारी वायूला आधी कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि वायू जास्त असला तर नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं माणसाला वाटतं आणि तो तिथंच कोसळतो. त्याला काढायला दुसरा वाकतो, तोही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. पण घरचंच पोर वाकलं तर कुठला कायदा आडवा येणार? पोरं लांब केली, झाकण तसंच उघडं ठेवलं आणि आजींकडून आंबे काढायची आकडी मागून घेतली.

तिसऱ्या खेपेला जाळी अडकली. वर आली तेव्हा एक फट मोकळी नव्हती. काळा बुळबुळीत थर, केसांचे गुंते, पुसायच्या ओल्या कागदांच्या पट्ट्या. ते कागद पाण्यात विरघळत नाहीत. टाकीच्या आत येणाऱ्या पाईपकडच्या तोंडावर धरूनच ती धुतली, म्हणजे घाण परत टाकीतच पडली. बसवली, बोळा हळूच काढला, आणि चेंबरमध्ये पाणी खळखळायला लागलं.

घरमालक म्हणाले, "ही कटकट काढूनच टाक की रे." मी त्यांना शोषखड्ड्याशी नेलं, झाकण सरकवून बॅटरी मारली. पाच वर्षांचा खड्डा, पण जांभ्याच्या चिऱ्यांची भोकंसुद्धा दिसत होती. जाळी नसती तर त्यांत गाळ बसून खड्डा नव्यानं काढावा लागला असता. काका बराच वेळ आत बघत उभे राहिले.

आठवड्यानं मी नवी जाळी घेऊन गेलो. तिच्या मुठीला झाकणाखालपर्यंत येईल असा पाईपचा तुकडा जोडला, म्हणजे कुणाला वाकायलाच नको. त्या पोरानं झाकणाशेजारी ऑइलपेंटनं तारीख लिहिली, आणि खाली मोठ्या अक्षरांत: पुढच्या गणपतीआधी.