डेसिबलच्या रकान्यात अडकलेला लेझर शो

अर्जातल्या ‘आवाजाची कमाल पातळी, डेसिबलमध्ये’ या एका रकान्यापायी गेल्या डिसेंबरात माझे अकरा दिवस गेले. माझ्या सामानात आवाज करणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे यंत्र थंड ठेवणारा पंखा.

मी मिरजेचा. बरीच वर्षे मंडळांच्या मिरवणुकांत लाइटचे काम केल्यावर 2022 मध्ये मी दहा वॅटचा तीनरंगी लेझर प्रोजेक्टर 1 लाख 80 हजारांना जुना विकत घेतला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, घरबसल्या झाली, बँकेचे कर्जही मिळाले, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पुढच्याच वर्षी, 2023 च्या विसर्जनानंतर, लेझरमुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेल्या तरुणांच्या बातम्या आल्या, आणि 2024 च्या गणेशोत्सवात पुण्यात पोलिसांनी लेझरवर बंदी घातली. या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. अर्ध्या वॅटच्या वरचे लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडते आणि माझे त्याच्या वीसपट आहे. असा किरण गर्दीच्या डोळ्यांच्या उंचीवर फिरवणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत, आणि पहिल्या वर्षी मीही त्यांच्यातलाच एक होतो. तेव्हापासून मी मिरवणुकीची कामे सोडली आणि भिंतीवर चित्रे व अक्षरे उमटवणारे कार्यक्रमच घेतो: शाळेचा महोत्सव, देवळाचा जीर्णोद्धार, क्वचित एखादे लग्न. एका कार्यक्रमाचे 22 हजार ठरतात, त्यातून टेम्पो, जनरेटर आणि मदतनीस वजा जाता हातात निम्मेच राहतात.

असेच एका शाळेच्या अमृतमहोत्सवाचे काम मला विमानतळ असलेल्या एका शहरात मिळाले. पोलीस ठाण्यात गेलो, तर लेझरसाठी वेगळा अर्जच नाही, म्हणून ध्वनिक्षेपकाचा छापील अर्ज माझ्या हाती दिला गेला. डेसिबलच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘लागू नाही’ असे लिहिले. रकाना आकड्यानेच भरावा लागतो, असे सांगून अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेला शून्य लिहिले, तेव्हा साहेबांनी विचारले, “आवाजच नाही, तर परवानगी कशाची मागता?” तिसऱ्या खेपेला मी अर्जाला जोडपत्र लावून त्यात लेझरची सगळी माहिती दिली, आणि त्यावर उत्तर मिळाले की आधी विमानतळाच्या कार्यालयाचे ना हरकत पत्र आणा. त्या कार्यालयात सांगण्यात आले की पोलिसांच्या शिक्क्याची अर्जाची प्रत असल्याशिवाय आम्ही अर्ज घेत नाही. शिक्का मिळण्यासाठी पत्र हवे आणि पत्रासाठी शिक्का, अशा फेऱ्यांत मी दोन्ही कार्यालयांमधले सहा किलोमीटर किती वेळा कापले, याचा हिशेब माझ्या दुचाकीच्या पेट्रोलला ठाऊक.

मधल्या काळात वॅटचा घोळ झाला तो निराळाच. ठाण्यातल्या लिपिकाने दहाचा आकडा वाचून म्हटले, “आमच्या जिन्यातला दिवा नऊ वॅटचा आहे, एवढ्याशासाठी कशाला हेलपाटे घालता?” मी खूश झालो, पण विमानतळाच्या कार्यालयात त्याच कागदावर ‘चौथा वर्ग’ हे शब्द वाचताच फाइल बाजूच्या गठ्ठ्यात सरकवली गेली. दोघांपैकी चूक कोणाचीच नव्हती. दिव्याचा उजेड चहूकडे पांगतो आणि लेझरचे दहा वॅट काही मिलिमीटरच्या ठिपक्यात एकवटतात, हे सांगण्याची जबाबदारी माझी होती आणि मी ते कागदावर कुठेच लिहिले नव्हते.

शेवटी गाडी पुढे सरकली ती एका अधिकाऱ्याच्या प्रश्नाने. त्यांनी वॅट विचारले नाहीत, वर्ग विचारला नाही; त्यांनी विचारले, “तुमचा किरण संपतो कुठे?” उतरणाऱ्या विमानाच्या काचेवर हिरवा किरण पसरला, तर वैमानिकाला काही क्षण धावपट्टी दिसेनाशी होऊ शकते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने एवढाच प्रश्न महत्त्वाचा होता. मी त्यांच्यासमोरच आलेखाच्या कागदावर आकृती काढली: प्रोजेक्टर जमिनीपासून दीड मीटरवर, भिंत 40 मीटर दूर आणि 11 मीटर उंच, सर्वांत वरचा किरण 9 मीटरवर अडणार, म्हणजे चढ जेमतेम 11 अंशांचा. संगणकात वरची मर्यादा बांधलेली असतेच. पण संगणक बिघडला तरी किरण भिंतीवरून आकाशात जाऊ नये, म्हणून प्रोजेक्टरच्या तोंडापुढे वरच्या बाजूला काळा पत्रा लावतो, तोही दाखवला. ती आकृती, यंत्र तत्काळ बंद करणाऱ्या लाल बटणाची जागा आणि बटणापाशी थांबणाऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक, एवढे एका पानावर बसले. त्या अधिकाऱ्यांनी स्वतः ठाण्यात फोन केला, आणि दोन दिवसांत दोन्ही कागद हाती आले.

हे पान पहिल्याच दिवशी नेले असते, तर अकरा दिवस वाचले असते. नव्याने या धंद्यात येणाऱ्याने आधी तेच तयार करावे आणि प्रत्येक पानाची पोच घ्यावी. कामाची निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय अर्जाला हात लावू नये. मी नुसत्या शब्दावर धावत होतो, आणि परवानगी न मिळती तर हेलपाट्यांचा खर्च माझ्याच अंगावर पडला असता. आणखी एक गोष्ट आता लिहिताना आठवते: छायाचित्रकारांना आधीच बजावून ठेवावे, कारण किरण थेट भिंगात शिरला की कॅमेऱ्याचा सेन्सर जळू शकतो आणि भरपाई आपल्याकडे मागितली जाते. जनरेटरच्या विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून मध्ये यूपीएस असू द्यावा. आपल्याकडे आकाशात फिरणाऱ्या ‘शार्पी’ दिव्यालाही लोक लेझरच म्हणतात, त्यामुळे मांडववाल्याने शार्पी आणले आहेत का, हे विचारून घ्यावे. नाही तर त्याच्या झोतांची तक्रार आपल्या नावावर येते.

कार्यक्रम ठरल्या वेळी झाला, भिंतीवर शाळेची जुनी कौलारू इमारत उमटली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या माजी विद्यार्थ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. परवानगीचे पत्र मी आता प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवले आहे. त्यातली पहिली अट अशी आहे की, अर्जदाराने आवाज विहित डेसिबल मर्यादेत ठेवावा.