कंपोस्ट बादली, दिवस ८४: बाठे, हार आणि उरलेली आमटी

मेमध्ये सुरू केलेली २० लिटरची बादली (रंगाची, तळाला आणि बाजूंना भोकं, गॅलरीत दोन विटांवर) आता पाऊण भरलीये. आज वरचा थर बाजूला करून हात घातला तर खाली काळं, भुसभुशीत, आणि पावसात भिजलेल्या मातीचा वास! इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून हुंगायला लावलं.

पण मधले दहा दिवस वाईट गेले. पाहुणे आले होते, उरलेली आमटी, भात, तेलकट भाजी असं सगळं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी सडका वास, झाकणाला अळ्या. अळ्यांना घाबरू नका, त्या भराभर खातात आणि मातीला काही करत नाहीत, पण वास आला म्हणजे आत हवा पोचत नाहीये, ओलं जास्त झालंय. मी दोन घमेली सुका पाला मिसळून रोज खालपासून ढवळलं, चार दिवसांत वास गेला. मुठीत दाबल्यावर जेमतेम एखादा थेंब यावा एवढीच ओल हवी. आता शिजवलेलं टाकतच नाही, मटण-मासळीची हाडं-काटे तर कधीच नाही, उंदीर येतात.

भाज्यांचे देठ, केळीची सालं, कांद्याची फोलपटं बिनधास्त. लिंबाची सालं थोडीच आणि बारीक चिरून. चहाचा चोथा आपला दूध-साखरेत उकळलेला असतो म्हणून धुऊनच टाकते आई, नाहीतर मुंग्या लागतात. अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरला फिरवली तरच, अख्खी टाकलेली जून महिन्यातली अजून तशीच निघाली. आंब्याचे बाठेही तसेच, एकाला तर चक्क वीतभर कोंब आला होता, तो कुंडीत लावलाय. नारळाच्या करवंट्यांच्या नादाला लागू नका.

श्रावण लागल्यापासून रोजचा हार येतो. त्यातला दोरा आणि जरीचा गोंडा काढायलाच हवा, मागच्या वेळी आळस केला तर ढवळताना काडीला नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला, सोडवता सोडवता अर्धा तास गेला. झेंडू पाकळ्या मोकळ्या करून टाकला की आठवड्यात दिसेनासा होतो.

पावसात सुका पाला मिळत नाही हीच खरी अडचण, त्यामुळे अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून वापरतोय, चकचकीत छपाईचा पुठ्ठा मात्र नको. पुढच्या वर्षी मार्चमध्येच दोन पोती पाला भरून ठेवणार.

रविवारी खालचं चाळणार, राहिलेले तुकडे दुसऱ्या बादलीत विरजण म्हणून.